जुनं ते सोनं? बास गिटारच्या निमित्ताने तुलनेबद्दल थोडंसं

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलो की 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द पटकन सुचतात. पण तुलना नेमकी कशाची, असं कुणी विचारलं की गाडी अडते. आज जरा वेगळ्या क्षेत्रातलं उदाहरण घेऊ: इलेक्ट्रिक बास गिटार. अनेक बासवादकांची खात्री असते, की १९६५ पूर्वीच्या फेंडर बासचा आवाज नव्या वाद्याला येत नाही. हा दावा इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसा तपासावा?

आधी पार्श्वभूमी. लिओ फेंडरचा 'प्रिसिजन बास' १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये तयार झाला. तोवर खर्जाची बाजू माणसाएवढा उभा डबल बास सांभाळायचा. त्याला पडदे नसतात, सूर बोटाच्या अंदाजाने लावायचा. फेंडरने पडदे बसवले आणि सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९६० मध्ये अरुंद नेकचा 'जाझ बास' आला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने ही कंपनी घेतली.

पहिला प्रश्न: १९६५ ची रेघ कुणी ओढली?

'प्री-सीबीएस' हा कालखंड मालकी बदलल्याच्या तारखेवरून पडला. पण मालक बदलला म्हणून लाकूड आणि तारा त्याच दिवशी बदलत नाहीत. वाद्यातले बदल काही आधी झाले, काही नंतर हळूहळू. कालखंडाची तयार चौकट आयती मिळाली, की ती कुणाच्या सोयीची आहे हे आधी बघा. इथे ती वाद्यांच्या बाजाराला फार सोयीची आहे.

दुसरा प्रश्न: आवाज वाद्याचा की आणखी कशाचा?

इथे इतिहासाने आपल्याला एक छान जोडी दिली आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला जेम्स जेमर्सन १९६२ चा प्रिसिजन वाजवायचा, आणि जॅको पास्टोरियसचा प्रसिद्ध बास होता १९६२ चा जाझ बास. कारखाना एक, साल एक. आवाज मात्र दोन टोकांचे! जेमर्सनचा आवाज गोल, जाडसर आणि लवकर विझणारा. त्याच्या तारा जाड आणि गुळगुळीत, म्हणजे फ्लॅटवाउंड, आणि त्या तो शक्यतो बदलतच नसे. रेकॉर्डिंग बहुधा थेट कन्सोलमध्ये व्हायचं. जॅकोच्या बासला पडदेच नव्हते. पट्टीवर इपॉक्सीचा कडक थर होता आणि तारा खरखरीत राउंडवाउंड, म्हणून त्याचा आवाज गाणारा आणि लांबणारा.

मॉडेल वेगळी आहेत, पिकअप वेगळे आहेत, हे खरंच. पण आपण ज्याला 'जुना आवाज' म्हणतो त्यात तारा, हात, स्टुडिओ असं बरंच काही मिसळलेलं असतं. सगळं श्रेय वयाला दिलं, तर तो तर्क नाही, भक्ती झाली.

तिसरा प्रश्न: हाताला सोपं कुठलं?

इथे नव्याची बाजू भक्कम आहे. जुन्या फेंडरचा नेक वाकला तर आतली सळई घट्ट करण्यासाठी बहुतेक वेळा नेकच सोडवावा लागतो, कारण तिचं टोक बुडाशी असतं. आजच्या अनेक बासवर ते काम वरच्या टोकाकडून मिनिटांत होतं. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता, त्यामुळे वाद्यावरच आवाज उजळ करता येऊ लागला. पाचव्या तारेने खर्ज साधारण ४१ हर्ट्झवरून ३१ हर्ट्झपर्यंत उतरला. पण गंमत बघा, जेमर्सनच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच होत्या असं सांगतात, तरी त्याच्या उजव्या हाताचं एकच बोट भल्याभल्यांना हरवायचं. म्हणजे 'सोपं' हेसुद्धा वादकाला वगळून मोजता येत नाही.

चौथा प्रश्न: आपल्यापर्यंत पोचलं कोण?

१९६२ मध्ये बनलेले सगळेच बास काही उत्तम नव्हते. जे आवडले ते जपले गेले. जे भिकार होते ते मोडीत निघाले, नाहीतर त्यांचे सुटे भाग झाले. आज आपण उरलेल्या निवडक जुन्यांची तुलना दुकानातल्या सरसकट नव्यांशी करतो. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जुनी हस्तलिखितं, जुने वाडे, जुनी गाणी, सगळीकडे हा सापळा आहे. पुढे १९८२ मध्ये फेंडरनेच आपल्या जुन्या मॉडेलच्या नव्या आवृत्त्या काढल्या. तिथून 'जुनं' हाही नव्याने बनणारा माल झाला.

मग जुना बास चांगला नसतोच का? असतो की! पण ते ठरवायचं तर दोन्हींवर सारख्या तारा लावा, वादक एकच ठेवा, आणि ऐकणाऱ्याला कुठला बास वाजतोय ते कळू देऊ नका. त्यानंतरही फरक उरला, तर तो तुमचा शोध. आता तुमच्या आराखड्यातली 'तुलना' काढा आणि एका कागदावर लिहा: माझ्या विषयात तारा कुठल्या, वादक कोण, आणि मोडीत काय निघालं? या तीन ओळी भरल्या की मार्गदर्शकांकडे जा.