जन्मनोंद : शोध व दाखला

जन्माच्या नोंदवहीत शोध घेवविण्याचा व विहित फी भरून तीतील नोंदीचा दाखला मिळविण्याचा हक्क जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १७ ने कोणाही व्यक्तीस दिला आहे. जन्माची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. एक वर्षाहून अधिक विलंब झाल्यास पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे, २०२३ च्या सुधारणेने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांजकडे गेला. खेड्यात ग्रामपंचायत व शहरात नगरपालिका वा महानगरपालिका दाखला देते.

महाराष्ट्रातील जुन्या जन्मनोंदींचा खरा ठेवा म्हणजे गाव नमुना चौदा, अर्थात कोतवाल बुक. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जपलेल्या या जीर्ण बाडांत बोरूने लिहिलेल्या मोडी लिपीतील ओळींमध्ये तारीख, बापाचे नाव व जात यांपुढे पुष्कळदा नुसते ‘मुलगी’ वा ‘मुलगा’ एवढेच आढळते, कारण वर्दी बारशापूर्वीच दिलेली असे. त्यामुळे आजीच्या जन्माचा पुरावा शोधणाऱ्या नातवास नावाने नव्हे, तर गाव, साल व पणजोबांचे नाव यांच्या आधारे पाने चाळावी लागतात. जातीच्या दाखल्यासाठी, विशेषतः कुणबी नोंदींच्या शोधात, या बाडांचे मोल फार वाढले आहे, आणि मोडीचे जाणकार तर विरळ होत चालले आहेत. म्हणून या बाडांचे लिप्यंतर ही निकडीची गरज होय.

आजच्या नियमांनुसार मात्र नावाविना झालेल्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनामूल्य, व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव दाखल करता येते.