हळदीच्या रात्रीचा बेंजो

दिघाशीत आमच्याकडे लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी बेंजोवाल्याला इसार जातो. हळदीला बेंजो पार्टी कुठली, हे पाहुणे पहिलं विचारतात. मी तरुणपणी अशाच एका पार्टीत ढोल वाजवला आहे. भिवंडीकडच्या गावांचं खरं वाद्य कोणतं, असं विचारलंत तर मी बेंजोचंच नाव घेईन.

वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळा पाहून ताइशोगोतो बनवलं. तेच भारतात बुलबुल तरंग झालं. डाव्या हाताने कळ दाबली की तार खालच्या पट्टीवर टेकते, उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. मूळ आवाज नाजूक, चार भिंतींतला. पुढे कुणी त्याला पिकअप बसवला, भोंगे जोडले आणि तो ढोल-ताशाच्या वर चढून ऐकू येऊ लागला. आगऱ्यांच्या हळदीचा बेंजो तो हाच, विजेचा.

बेंजोमुळे लग्नात धवळे गाणारी धवळारीण गेली, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. धवळे विधीचे, ते गाऊन लग्न लावण्याचा मान जाणत्या बायकांचा. बेंजो नाचाचा. दोघांचं कधी भांडण नव्हतं.

बेंजोला खरी शिदोरी मिळाली ती कॅसेटची. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या ‘मी डोलकर’ने कोळी ठेका रेडिओवरून घरोघरी नेला होताच. पण आमच्या अंगणात शिरली ती वेसाव्याची ‘वेसावकर आणि मंडळी’. काशीराम चिंचय यांच्या या संचाने कोळीवाड्याची बोली आहे तशी ठेवली, गुळगुळीत केली नाही. ‘वेसावची पारू’ आमचा बेंजोवाला टेप मागे-पुढे करत कानाने बसवायचा. आमच्याकडे दर्या नाही, भातखाचरं आहेत, तरी पारू आमचीच झाली.

बेंजो नुसती चाल वाजवतो, शब्द माणसांनी आणायचे. मुखडा वाजला की मांडवातल्या बायका ओळ उचलतात. अंतऱ्याच्या तोंडाशी बेंजोवाला हात उचलतो, ताशा एकटा चालू राहतो, आणि तेवढ्यात एखादी आजी पुढची ओळ एकटीच घेते. मग ढोल पडतो. हे मी ढोलामागे उभा राहून पाहिलं आहे. त्या क्षणी अंगावर काटा यायचा. आता कुठे कुठे बेंजोऐवजी डीजे लागतो; त्यात गाणं आयतं वाजतं, त्या आजीला जागाच उरत नाही. माझं दुःख ते आहे, आवाजाचं नाही.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगे बंद झाले, तशी हळद संध्याकाळकडे सरकली. पार्ट्यांत ऑक्टोपॅड आला, की-बोर्ड आला. पोरं मोबाइलवर चित्रफिती टाकतात, त्यावरूनच पुढची सुपारी येते. नव्या पोराच्या हातात मात्र आधी झांजच देतात, आणि बेंजो शिकायला बसला की पहिली चाल पारूची.