तू बाद कसा झालास?

१५ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर सचिन तेंडुलकर ७४ धावांवर बाद झाला. भारताला पुन्हा फलंदाजी करावी लागेल अशी शक्यता जवळजवळ नव्हतीच. २४ वर्षांची कारकीर्द संपल्यात जमा होती. तरी त्या रात्री मोठा भाऊ अजितचा फोन आला आणि दोघं बोलले ते त्या विकेटबद्दल. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या भाषणात सचिननंच हे सांगितलं. पुन्हा बॅट हातात येणार नाही हे माहीत असूनही, केवळ सवय म्हणून.

त्या भाषणावर आपण रडलो, व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरवलंही. पण ही सवय आली कुठून, हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्यासाठी १९८४ मध्ये जावं लागतं. अकरा वर्षांच्या सचिनला अजित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. आचरेकर मूळचे मालवणचे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सरांसमोर पोरगा बावरला, बॅट नीट चालेना. तेव्हा अजितनं सरांना विनंती केली, की जरा लांब उभं राहून बघा. सर दिसेनासे झाले आणि पोरगा खेळायला लागला. बघणाऱ्याचं दडपण उतरलं की खेळ दिसतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा एक रुपयाचा. सरावाच्या शेवटी, पोरगा दमलेला असताना, सर स्टंपवर नाणं ठेवत. बाद करील त्या गोलंदाजाचं नाणं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी त्यानं जपून ठेवली. यात सूचना एकही नव्हती. कोपर वर घे नाही, पाय पुढं टाक नाही. होता तो एक न बोललेला प्रश्न : दमल्यावर तू कसा टिकणार आहेस? उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं.

सर नेहमीच असे वागत, असं मात्र नाही. एकदा सचिन स्वतःची मॅच बुडवून शारदाश्रमच्या मोठ्या मुलांची फायनल बघायला वानखेडेवर गेला. सरांनी त्याला तिथं गाठलं. सगळं ठाऊक असूनही विचारलं, आज कसा खेळलास? खरं सांगितल्यावर थोबाडीत बसली. आपल्याकडे या थपडेचं फार कौतुक होतं. पण तो प्रश्न नव्हता, ती उलटतपासणी होती. उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आधीच होतं.

हा फरक तिकडे अमेरिकेत एका टेनिस प्रशिक्षकानं १९७४ साली पुस्तकात मांडला. टिमोथी गॅल्वी त्याचं नाव, ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक. त्याच्या लक्षात आलं, की सूचना वाढल्या की खेळाडू स्वतःलाच आतून ओरडायला लागतो आणि अंग आखडतं. म्हणून तो सांगण्याऐवजी लक्ष वेधायचा. पुढं मोटार शर्यतींतून आलेल्या जॉन व्हिटमोर यांनी हेच सूत्र ब्रिटनमध्ये रुजवलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. ‘चेंडूकडे बघतोयस का?’ विचारलं तर पोरगं घाबरून ‘हो’ म्हणणार. ‘चेंडू कुठल्या बाजूला फिरतोय?’ विचारलं तर त्याला खरोखर बघावंच लागतं.

आता आपल्या मैदानांवरचे प्रश्न आठवा. ‘डोळे कुठं होते?’ ‘अक्कल गहाण ठेवलीस का?’ ‘कितीदा सांगायचं?’ प्रश्नचिन्ह सगळ्यांना आहे, उत्तर एकालाही नको आहे.

रत्नागिरीत संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव मी बघत होतो. आठ जणी बसलेल्या, नववी धावतेय. एक मुलगी खांबाजवळ सारखी बाद होत होती. बाहेरून पालक ओरडत होते, ‘आत घूस, आत घूस!’ पण खो पडतो तो डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. बाहेरची हाक कानात शिरेपर्यंत उशीर झालेला असतो. सरावानंतर मॅडम तिच्या शेजारी मातीत बसल्या. ‘ती खांबाकडे येतेय हे तुला कधी कळलं? तेव्हा तिचा खांदा कुठं होता?’ मुलगी बराच वेळ गप्प. मॅडमही गप्प. मग ती म्हणाली, ‘मी तिचे पाय बघत होते, मॅडम.’ दुसऱ्या दिवशीही ती बाद झाली, पण तिसऱ्या फेरीत. आणि बाहेर येताना काय चुकलं ते न विचारताच सांगत होती.

आचरेकर २ जानेवारी २०१९ ला गेले. सचिनच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांनी त्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. पण त्याच भाषणात अजितबद्दल तो म्हणाला, की आम्ही वाद घातले, कधी पटलं, कधी नाही पटलं. ते नसतं तर मी याहून कमी प्रतीचा खेळाडू झालो असतो. ‘नाही पटलं’ म्हणायची मुभा असली, तरच विचारणं खरं. शेवटच्या रात्रीच्या त्या फोनवर आता काही सुधारायचं उरलं नव्हतं. तरी भाऊ विचारत होता आणि भाऊ उत्तर शोधत होता.