क्लासिक ३५० : जुना साज, नवे यंत्र

जुन्या वळणाची मोटारसायकल घडविणे फारसे अवघड नाही. तिच्यातील जुने दोष दूर करूनही तिची ओळख कायम राखणे मात्र कठीण असते. रॉयल एन्फिल्डच्या 'क्लासिक ३५०' या मोटारसायकलीची वाटचाल याच कसोटीची आहे.

रॉयल एन्फिल्ड ही मूळची ब्रिटिश कंपनी. १९५५ मध्ये मद्रासजवळ 'एन्फिल्ड इंडिया'ची स्थापना झाली आणि 'बुलेट' भारतात तयार होऊ लागली. इंग्लंडमधील कारखाना १९७० मध्ये बंद पडला, तरी भारतातील उत्पादन सुरूच राहिले. २००९ मध्ये आलेल्या 'क्लासिक'ने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश मोटारसायकलींचा घाट स्वीकारला. थेंबाच्या आकाराची इंधनटाकी, गोल हेडलाइट, त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे दिवे, तारांची चाके आणि चालकासाठी स्वतंत्र आसन ही तिची वैशिष्ट्ये.

तिच्या ३४६ सीसीच्या एकसिलिंडरी इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, तर स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. अशा लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांतही गाडी सहज ओढते. परंतु एकच मोठा दट्ट्या वरखाली होताना निर्माण होणारा असमतोल कंपनांच्या रूपाने हँडल व पायटेकूपर्यंत पोचतो. बुलेटप्रेमींना प्रिय असलेली धडधड आणि लांबच्या प्रवासात हाताला येणाऱ्या मुंग्या, दोहोंचे मूळ या एकाच रचनेत होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये सादर झालेल्या नव्या 'क्लासिक'मध्ये यावर उपाय करण्यात आला. ३४९ सीसीच्या नव्या इंजिनात कंपनांचा तोल साधणारा स्वतंत्र बॅलन्सर शाफ्ट बसविण्यात आला. जुन्या पुशरॉडऐवजी कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर आला. बोअर ७२ व स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर झाला. म्हणजे लांब स्ट्रोकचे तत्त्व सोडले नाही. ६१०० फेऱ्यांना २०.२ अश्वशक्ती आणि ४००० फेऱ्यांना २७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. गिअर पाच आहेत. नवी, अधिक भक्कम चौकट वळणावर गाडीला स्थैर्य देते.

सुमारे १९५ किलो वजनाला ही शक्ती बेताचीच. त्यामुळे वेगाची हौस असणाऱ्यांसाठी ही गाडी नव्हे. संथ लयीत दूरवर जाणाऱ्यांसाठी आहे. यंत्र आतून बदलले, कंपने कमी झाली, तरी दट्ट्याची सावकाश लय उरली. जुन्या चाहत्यांना धडधड थोडी मवाळ वाटेल. पण शंभर किलोमीटरनंतर हात सुन्न न होणे, हा त्याचा मोबदला आहे.