हिरवा खंड, तपकिरी खंड

जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञाने १९६३ साली ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, की स्टोनहेंजच्या शिळा सूर्य-चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा दाखवतात. हिशेब त्यांनी संगणकावर केला होता. तिथे प्रत्यक्ष उत्खनन केलेले रिचर्ड अ‍ॅटकिन्सन भडकले. त्यांचा आक्षेप रास्तच होता: इतक्या शिळा, इतके खड्डे; रेषा ओढत बसलं तर काही रेषा योगायोगानेही जुळणारच.

अ‍ॅलेक्झांडर थॉम यांना असं झटकून टाकता येत नव्हतं. ऑक्सफर्डमधले हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक थिओडोलाइट घेऊन स्कॉटलंडच्या माळरानांवर शिलावर्तुळं मोजत हिंडत. ती २.७२ फुटांच्या एकाच मापाने आखली आहेत, असा त्यांचा दावा. मोजणी चोख, पण ती आखणारी माणसं कोण, कशी, याचा पत्ता नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासकांचं तसं नव्हतं. त्यांच्या हाती माया लोकांची ड्रेस्डेन पोथी होती, तिच्यात शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्यांची कोष्टकं होती. स्पॅनिशांच्या नोंदी होत्या आणि विचारायला त्या लोकांचे वंशजही होते. १९८१ मध्ये दोन्ही गट ऑक्सफर्डला एकत्र जमले खरे, पण निबंध निघाले दोन खंडांत: जुन्या जगाचा हिरव्या वेष्टनात, नव्या जगाचा तपकिरी. पुढे हे रंग गायकीतल्या घराण्यांसारखे चिकटले. हिरवे आकडेमोडीचे, तपकिरी माणसांचे.

मग क्लाइव्ह रगल्स या अभ्यासकाने पश्चिम स्कॉटलंडमधली सुमारे ३०० स्थळं तपासली. सोयीची तेवढी उचलायची नाहीत, हा नियम. थॉमना दिसलेली अचूकता टिकली नाही. काही ठिकाणी चंद्राकडे असलेला ढोबळ रोख तेवढा उरला. हिरव्यांच्याच हत्याराने हिरव्यांचा दावा पडला.

१९९२ मध्ये ‘युरोपियन सोसायटी फॉर अ‍ॅस्ट्रॉनॉमी इन कल्चर’ स्थापन झाली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांच्या शेजारी पुरातत्त्वज्ञ, इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ बसले. थोड्याच वर्षांत आंतरराष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. १९९९ मध्ये लेस्टर विद्यापीठाने रगल्सना पुरातत्त्वीय खगोलशास्त्र या विषयाचं प्राध्यापकपद दिलं. एवढ्या भांडणानंतर विद्यापीठाची खुर्ची मिळाली, हे कमी नव्हे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया सहकाऱ्यांसह विदर्भातल्या गोंड वस्त्यांवर गेले, आकाशात काय दिसतं ते माणसांनाच विचारायला. त्यांचा निबंध २०१३ मध्ये छापून आला. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांत गोंडांना खाट दिसते, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर.