रडारपासून लपणारी ढाल

दुसऱ्या महायुद्धात युद्धनौकांवर रडार आले आणि रात्रीच्या किंवा धुक्याच्या आडोशाने लपण्याचे दिवस संपले. युद्धनौका रडारला आयतीच सापडे, कारण तिच्यावर उभ्या पोलादी भिंती, कठडे, शिड्या आणि असंख्य काटकोन असत. दोन पृष्ठभाग काटकोनात भेटले की लहर दोनदा परावर्तित होऊन आली त्याच दिशेने परत जाते. दोन सपाट आरसे काटकोनात ठेवून हे वर्गातही दाखवता येते.

मग काटकोन टाळले तर? या प्रश्नाच्या गणिताला महत्त्वाची दिशा दिली ती सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी. कडांवरून लहरींचे विवर्तन कसे होते, यावरचे त्यांचे लेखन १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग मात्र अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या विमानासाठी करून घेतला. पुढे याच कंपनीने 'सी शॅडो' ही तिरप्या बाजूंची नौका गुप्तपणे बांधली. ती जगासमोर आली १९९३ मध्ये. स्वीडननेही १९९१ मध्ये 'स्मिगे' ही नौका पाण्यात उतरवली. या दोन्ही नौका प्रयोगापुरत्याच होत्या.

नॉर्वेने मात्र अशा गस्ती नौकांचा एक वर्गच उभारला. तिथला किनारा फ्योर्ड, बेटे आणि खडक यांनी भरलेला आहे. खडकाआड दबा धरायचा, क्षेपणास्त्र सोडायचे आणि पळायचे, ही तिथल्या लहान नौकांची जुनी रीत. मान्दाल येथील गोदीला सुरुंगशोधक नौकांच्या निमित्ताने काचतंतूंच्या प्लॅस्टिकचा आणि हवेच्या उशीवर चालणाऱ्या नौकांचा अनुभव होता. तिथेच 'श्योल्ड' म्हणजे 'ढाल' ही पहिली नौका बांधली गेली. ती १९९९ मध्ये नौदलात दाखल झाली.

तिची रचना पाहण्याजोगी आहे. दोन्ही बाजूंना दोन अरुंद सांगाडे, पुढे व मागे रबरी पडदे, आणि मधल्या पोकळीत पंख्यांनी कोंडलेली हवा. नौकेचा बराचसा भार ही हवाच पेलते. त्यामुळे ४७.५ मीटर लांबीची ही नौका पाण्यात जेमतेम एक मीटर बुडते. पाण्याचा विरोध घटतो आणि वेग ६० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटरपर्यंत जातो. बाजू तिरप्या, दारे-खिडक्या पृष्ठभागाशी सपाट आणि सांगाड्यातच लहरी शोषणारे पदार्थ.

म्हणजे ती अदृश्य झाली का? नाही. इथे विद्यार्थ्यांना थोडे गणित करायला लावावे. रडारपासून निघालेल्या लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. परतीच्या वाटेवर ती पुन्हा तशीच घटते. म्हणून प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. याचा अर्थ असा, की नौकेचे परावर्तन सोळा पटींनी कमी केले तरी रडारचा पल्ला फक्त निम्मा होतो. तो एक दशांश करायचा तर परावर्तन दहा हजार पटींनी कमी करावे लागेल! शिवाय इंजिनांची उष्णता उरतेच, आणि नौकेने स्वतःचे रडार सुरू केले की ती आपला पत्ता आपणच सांगते. लाभ होतो तो वेळेचा. शत्रूला उशिरा दिसणे, एवढेच साधते; ६० नॉटच्या नौकेला तेवढे पुष्कळ असते.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्या सोव्हिएत आरमाराच्या धास्तीतून नॉर्वेची ही युद्धरीत घडली, तो देश १९९१ मध्येच विसर्जित झाला होता. 'श्योल्ड' २००१-०२ मध्ये अभ्यासासाठी अमेरिकी नौदलाकडे गेली. पुढच्या पाच नौकांचा करार २००३ मध्ये झाला, तरी एवढा खर्च कशासाठी, हा वाद नॉर्वेत चालूच राहिला. २०१६ च्या संरक्षण आराखड्यात त्या निवृत्त करण्याचा विचार पुढे आला. नंतर तो बदलून त्यांचे आयुष्य वाढवण्याचे ठरले.

नौका कशी लपवावी, याचे उत्तर भौतिकशास्त्र देते. ती हवी की नको, हे मात्र समीकरणातून निघत नाही. ते लोकांनाच ठरवावे लागते.