बिनतारी आवाजाचा परवाना

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून खोलीवर आलेला एखादा मराठी कामगार मोबाइलवर भावगीत लावतो आणि आवाज समोरच्या टीव्हीतून उमटतो. मध्ये तार नाही, तसा परवानाही नाही. या दोहोंपैकी परवाना नसणे हे मला अधिक नवलाचे वाटते.

तार हटवण्याचे काम १९९४ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्याने हाती घेतले. त्यातून ब्लूटूथ आकारास आले. त्याचे संदेश २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारीत जातात; त्यामुळे वायफाय वा मायक्रोवेव्ह भट्टीच्या गोंगाटातही संभाषण तुटत नाही. (याचे श्रेय सरसकट अभिनेत्री हेडी लामारला देणे अतिशयोक्त आहे, तिच्या १९४२च्या पेटंटात कल्पनेचे बीज मात्र होते.) स्टिरिओ संगीताचे प्रमाण २००३ साली ठरले.

परंतु भारतात १९३३च्या बिनतारी कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले होते. जानेवारी २००५मध्ये केंद्र सरकारने नियम करून हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी, घरात आणि घराबाहेरही, परवानामुक्त केला. खोलीतले ते गाणे या अधिसूचनेचेही ऋणी आहे.

एक व्यावहारिक अडचण उरते. ब्लूटूथ असलेले अनेक टीव्ही हेडफोनकडे आवाज धाडतात, पण मोबाइलकडून स्वीकारत नाहीत. धाडणे आणि स्वीकारणे या प्रमाणातील दोन स्वतंत्र भूमिका आहेत.